आईची खोली आणि दोन पिवळे

आईने उजव्या डोळ्यावर तळहात धरला, भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाली, “दोन्ही एकच तर आहेत.” मग हात बदलून डावा डोळा झाकला. “अगं बाई! हा हिरवा कुठून आला?”

भिंतीवर दोन चौकोन होते. दोन्ही पिवळे, दोन्ही फिके, आणि दोन्ही मीच निवडून आणलेले.

आई सप्टेंबरात वाईहून आमच्याकडे पुण्याला आली, ती राहायलाच. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू पंधरा दिवसांपूर्वी काढला होता, डाव्याचा दिवाळीनंतर काढायचं ठरलं होतं. मुलगा हॉस्टेलला गेल्यामुळे त्याची खोली रिकामी होती, ती तिला दिली. खोली आकाशी निळी. एका भिंतीवर फुटबॉलवाल्यांचे स्टिकर, त्यातले दोन अर्धवट खरवडलेले. आईने आठ दिवस काढले आणि नवव्या दिवशी चहा पिताना म्हणाली, “खोली छान आहे गं, पण सकाळी डोळे उघडले की दवाखान्यातच आहे असं वाटतं.”

“मग कुठला रंग देऊ?”

“पिवळा. आपल्या माजघरासारखा.”

वाईच्या गंगापुरीतल्या आमच्या घराचं माजघर मला आठवतं ते अंधारातलंच. एक झरोका, एक चाळीसचा बल्ब आणि भिंतीला पिवडी, पुडीत मिळणारी पिवळी पूड. दर वर्षी गणपतीच्या आधी आई आणि काकू कळीचा चुना पिंपात विरवत ठेवायच्या. तो रटरटायला लागला की आम्हा पोरांना अंगणात पिटाळायच्या. दुसऱ्या दिवशी तो गाळून त्यात डिंकाचं पाणी आणि पिवडीची पुडी. खालचा हातभर पट्टा गेरूचा. पाठ टेकली की सदऱ्यावर पिवळं उमटायचं आणि त्याबद्दल पाठीतही बसायचा. तेव्हा शेड कार्ड नव्हतं. पुडी एक की दोन, एवढाच प्रश्न असायचा.

मी दुकानात गेले तर दुकानदाराने विचारलं, “पिवळ्यात काय दाखवू?” आणि कार्डांचा जाडजूड पंखा काउंटरवर उलगडला. एका पट्टीवर सात चौकोन, अशा पिवळ्याच्या पंचवीस-तीस पट्ट्या तरी असतील. प्रत्येक चौकोनाला इंग्रजी नाव आणि आकडा. नावं वाचून काहीच कळत नव्हतं, कारण ज्यांच्यावरून ती दिली होती ती फुलं मी कधी पाहिलेली नाहीत. आपल्याकडे पिवळ्याला किती सोयीची नावं आहेत. हळदी, लिंबू, मोतिया, बदामी, केतकी, सोनचाफा. हा आपला आंब्याच्या मोरंब्यासारखा आहे, असं म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यासमोर बरणी उभी राहते.

दोन तासांनी (नवऱ्याच्या मते तीन) दोन चौकोनांवर खूण करून मी घरी आले. एकाला आम्ही ‘सरबत’ म्हणायला लागलो, कारण तो लिंबाच्या सरबताइतका फिका आणि तरतरीत होता. दुसरा ‘बेसन’. लाडवाचं भाजलेलं नाही, डब्यातलं कोरडं, कच्चं. कार्डावर दोघांत उन्नीस-बीसचाच फरक. मला सरबत आवडला होता आणि बेसन मी केवळ तुलनेला असावा म्हणून घेतला होता, हे आधीच सांगते. तुलना सुरू होण्याआधीच माझा निकाल लागलेला होता.

दोन्हींचे नमुन्याचे छोटे डबे करून घेतले. यंत्रावर रंग मिसळताना दुकानदाराच्या स्क्रीनवर कृती दिसत होती, तेव्हा पहिल्यांदा कळलं की हे दोघे एका घरातले नाहीत. बेसनमध्ये यलो ऑक्साइड, म्हणजे लोखंडाचा गंज ज्या कुळातला त्याच कुळातलं पिवळं, आणि त्यात रेड ऑक्साइडचा थेंब. सरबतात मात्र ते मातकट पिवळं नव्हतंच. त्यात वेगळं, चमकदार पिवळं होतं आणि त्याचा भडकपणा मोडायला किंचित काळं. “पिवळ्यात काळं गेलं की हिरवट छटा येते बरं का ताई,” दुकानदार म्हणाला. मी मान डोलावली. ऐकलं मात्र नाही.

घरी येऊन मी मुलाचा जुना ब्रश काढला आणि निळ्या भिंतीवरच दोन चौकोन शेजारी शेजारी रंगवले. सरबतातून निळं आरपार दिसायला लागलं. दोन हात मारले, तीन मारले, तरी तो मेणकापडासारखाच. बेसनने दोन हातांत निळं गिळून टाकलं.

आई खुर्ची घेऊन समोर बसली होती. तिला दोन्ही फार फिके वाटले, म्हणजे पसंत पडायला लागले होते. “आता ओलं आहे म्हणून एवढं दिसतंय. वाळलं की अजून उतरेल,” ती म्हणाली. चाळीस वर्षं तिने हेच पाहिलं होतं. चुन्याचा हात ओला असताना पाणचट, गडद दिसतो आणि भिंत सुकत जाते तशी पांढुरकी होत येते. रात्री पिवळीजर्द वाटलेली भिंत सकाळी सायीसारखी. आम्ही जेवून परत आलो तर दोन्ही चौकोन उतरायच्या ऐवजी चढले होते. आईने चष्मा काढला, पुसला, परत लावला.

याचं कारण दुसऱ्या दिवशी पेंटरकाकांनी सांगितलं. ते मूळ लातूरकडचे, पण पंचवीसेक वर्षं पुण्यात भिंती रंगवतायत. इमल्शनमधला, म्हणजे या डब्यांतल्या रंगातला, चिकट द्रव ओला असताना दुधासारखा असतो, म्हणून रंगही दुधाळ दिसतो. सुकला की तो काचेसारखा होतो आणि खालचा रंग उघडा पडतो. “चुना वाळला की उतरतो, हा वाळला की चढतो, आजी,” ते म्हणाले. आईला हे एकदम पटलं. माझे चौकोन पाहून मात्र त्यांना हसू आवरेना. “ताई, निळ्यावर पिवळा लावून बघताय होय? मग हिरवाच दिसणार.”

त्यांनी माझ्याकडून दोन कार्डशीट मागून घेतले. आधी पांढऱ्या प्रायमरचा हात, तो सुकल्यावर एकावर सरबतचे दोन हात, दुसऱ्यावर बेसनचे. चारही बाजूंनी दोन बोटं पांढरी कड सोडली, म्हणजे रंग भिंतीच्या निळ्याला चिकटणार नाही. “आणि दोघांना शेजारी ठेवू नका. शेजारी ठेवले की डोळा त्यांच्यात भांडण लावतो. एक बघा, बाहेर जाऊन या, मग दुसरा बघा.” सासू-सुनांबद्दलही ते हेच म्हणत असावेत. कार्डशीट भिंतीवर चिकटवता येतो, काढून दुसऱ्या भिंतीवर नेता येतो, कोपऱ्यात उभा करता येतो. भिंतीवर ठिपके काढत बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

मग आठवडाभर आमच्या घरात त्या दोन शीटची पालखी फिरत होती.

खोलीला एकच खिडकी, पश्चिमेला. समोरच्या सोसायटीने गच्चीवर पत्र्याची शेड घातली आहे, आणि ती पुण्यात सगळीकडे असते तशी निळी. ही शेड रोज डोळ्यासमोर असूनही मी कधी पाहिली नव्हती. सकाळी साडेनऊ-दहाच्या सुमारास ऊन आमच्या इमारतीवरून त्या पत्र्यावर पडतं आणि तिथला निळा उजेड सरळ आमच्या खोलीत येतो. त्या तासाभरात सरबत सरळ सरळ हिरवा. कच्च्या कैरीच्या आतल्या बाजूसारखा. मी शीट काढून हॉलमध्ये आणला, तिथे तो पिवळा. परत खोलीत नेला, हिरवा. दुकानदाराचं ‘हिरवट छटा’ तेव्हा कानात शिरलं. बेसनलाही तो निळा उजेड लागत होता, पण त्याच्या अंगात मुळात थोडं तांबडं असल्याने तो फक्त जरा मलूल व्हायचा, रंग सोडायचा नाही.

संध्याकाळी उलट. पाचनंतर खिडकीतून ऊन आडवं आत येतं, तेव्हा सरबत इतका देखणा दिसायचा की बघत राहावं. आणि बेसन? आई दारात उभी राहून म्हणाली, “पिठलं झालंय.” खरंच झालं होतं. रात्री दिवा लावला की त्याच्यावर वरून फोडणीही पडायची, कारण खोलीत मुलाने वॉर्म व्हाइटचा दिवा लावून घेतला होता. खोक्यावर ३००० केल्विन लिहिलं होतं (हा आकडा जितका लहान तितका उजेड पिवळसर). मी हॉलमधली ६५०० ची पांढरी ट्यूब काढून तिथे लावली, तर पिठल्याचं परत बेसन झालं आणि सरबताला मात्र कावीळ झाली. म्हणजे रंग ठरवण्याआधी दिवा ठरवायला हवा होता. आईला वाचायला पांढरा उजेड लागतो, त्यामुळे ट्यूब राहिली. मधला ४००० चा दिवाही मिळतो हे मला नंतर कळलं.

पण सगळ्यात मोठी अडचण आईच्या डोळ्यांची होती.

वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळं-तपकिरी होत जातं आणि निळा उजेड अडवतं. मोतीबिंदूत ते जास्तच. हे इतकं हळू होतं की माणसाला कळत नाही; पांढरी साडी पांढरीच वाटत राहते. ऑपरेशनमध्ये ते भिंग काढून स्वच्छ कृत्रिम भिंग बसवतात आणि त्या डोळ्याला एकदम सगळं धुतल्यासारखं, निळसर दिसायला लागतं. आईचा उजवा डोळा नवा होता आणि डावा जुना. ऑपरेशननंतर तिला पहिल्यांदा धक्का बसला तो माझ्या बाथरूममधल्या फरशीचा. “अगं, ही पांढरी आहे? मी इतके दिवस बदामी समजत होते.” डॉक्टरांनी सांगितलं, दुसऱ्या डोळ्याचं झालं की जुळेल.

जुन्या डोळ्याने तिला सरबत, बेसन आणि त्यांच्याभोवतीची पांढरी कड, तिन्ही जवळपास एकच दिसत होतं. म्हणजे त्या डोळ्यापुरती मी भिंत पांढरी ठेवली असती तरी चाललं असतं. नव्या डोळ्याला सरबताचा हिरवा माझ्याआधी दिसत होता. ती गंमत म्हणून दिवसातून चार वेळा डोळे आलटून-पालटून झाकायची आणि निकाल द्यायची. “हा म्हणतो एकच, हा म्हणतो दोन. कोणाचं ऐकू?”

“नव्याचं ऐक. दोन महिन्यांनी दुसराही नवाच होणार आहे.”

“पण माजघर मी जुन्यांनी पाहिलंय.”

“तेव्हा तुझे डोळे तिशीतले होते, आई. ते नव्यासारखेच होते.”

ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “पिवडी मिळते का गं अजून?”

मिळते. रविवार पेठेत बोहरी आळीत एका जुन्या दुकानात कागदाच्या पुडीत मिळाली. चुना घरात होता, कुंड्यांसाठी आणलेला. जुन्या वाटीत आईने स्वतः कालवला, बोटाने चाखल्यासारखा जाडपणा पाहिला, “डिंक नाही, हाताला लागेल” म्हणाली आणि पुठ्ठ्यावर फासला. ओला असताना तो अगदीच गढूळ दिसत होता. आम्ही तो गच्चीत वाळत ठेवला. दुपारी आणला तेव्हा मी त्याच्याकडे पाहून काही बोललेच नाही. झरोक्याखालची ती भिंत हातभर पुठ्ठ्यावर आली होती.

तो पुठ्ठा दोन्ही शीटच्या मध्ये ठेवला. (पेंटरकाकांचा नियम मोडला.) सरबत त्याच्याशेजारी एकदम प्लास्टिकचा वाटायला लागला. बेसन त्याच्याच जातीचा होता, फक्त जास्त शिजलेला. पिवडी ही मातीच, लोखंडाच्या गंजाचीच पिवळी माती, आणि बेसनच्या डब्यातही तेच यलो ऑक्साइड. मी दोन तास कार्डं चाळून जे केवळ तुलनेसाठी उचललं होतं ते पुडीच्या घराण्यातलं निघालं.

“आता त्याच पट्टीतला एक घर वरचा, म्हणजे फिका, घ्या,” पेंटरकाका म्हणाले. हा त्यांचा पिवळ्यासाठीचा नेम आहे. एका शीटवर रंग एकटा असतो. चारही भिंतींना लागला की एका भिंतीचा पिवळा उजेड समोरच्या भिंतीवर पडतो, तिथून परत, आणि खोली कार्डापेक्षा जास्त पिवळी होते. कोपऱ्यात तर सगळ्यात जास्त. मला पटेना म्हणून त्यांनी बेसनचा शीट मधोमध दुमडून पुस्तकासारखा अर्धवट उघडा धरला आणि म्हणाले, आत बघा. घडीच्या आत रंग खरंच दोन पट गडद दिसत होता. एवढा साधा पुरावा मला कुठल्या व्हिडिओत मिळाला नव्हता. आम्ही एक घर वर गेलो.

सरबत मला अजूनही आवडतो. त्याच्या उरलेल्या डब्यातून बाल्कनीतल्या कुंड्या रंगवल्या आहेत आणि तिथे उघड्यावर तो काय दिसतो म्हणून सांगू.

प्रत्यक्ष काम चार दिवसांचं होतं, त्यातलं रंगाचं दीडच दिवस. बाकी सगळं घासणं, लांबी (पुट्टी) भरणं, वाळू देणं. आईचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, डोळ्यात धूळ जाऊन चालणार नव्हती, म्हणून तिला त्या दिवसांत बहिणीकडे धाडलं. खिडकीच्या ग्रिलवर आधीच्या मालकाच्या काळातला पिवळाधमक ऑइलपेंट होता. तो मी कोरडा घासू दिला नाही. आपल्याकडे घरगुती रंगात शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवण्याचं बंधन १ नोव्हेंबर २०१७ पासून आलं. त्याआधीच्या झगझगीत पिवळ्या-केशरी ऑइलपेंटात शिसं असण्याची शक्यता बरीच. काकांनी कुरकुर करत का होईना, पॉलिश पेपर पाण्यात बुडवून घासला आणि चिखल फडक्याने पुसून घेतला.

आता माझा कंजूषपणा. खोली दहा बाय अकराची, उंची साडेनऊ. दार, खिडकी वजा जाता साडेतीनशे चौरस फूट भिंत. काकांनी तीन लिटर सांगितलं आणि वर म्हणाले, “चारचा डबाच घ्या, उरला तर उरला.” मी एकेक लिटरचे तीन घेतले. त्यांनी तिन्ही डबे एका बादलीत ओतून ढवळले, मगच लावायला घेतले. यंत्र तेच, आकडा तोच असला तरी दोन डबे अगदी जुळे निघतील याचा भरवसा नसतो, म्हणून ते वेगवेगळे मारायचेच नाहीत. भिंतीला लांबी जिथे जास्त भरली होती तिथे तिने रंग पिऊन टाकला आणि कपाटाच्या भिंतीवर दुसरा हात अर्ध्यावर आला असताना बादली खरवडायची वेळ आली.

मी धावत जाऊन चौथा लिटर करून आणला. तोच आकडा, तेच दुकान. काकांनी झाकणावरचा थेंब भिंतीवर टेकवला, हवा घातली, वाळू दिला. एक केसभर गडद. मला आधी दिसलाही नाही, त्यांनी बोट ठेवून दाखवल्यावर दिसला आणि मग तेवढाच दिसायला लागला.

“काय करायचं आता?”

“काही नाही. अख्खी भिंत याच डब्यातली करू, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. मधे जोड आला तर कळतो. कोपऱ्याला तोडला की कुणाच्या बापाला कळणार नाही. दोन भिंतींवर उजेड तसाही सारखा नसतो.”

तसंच केलं. ट्यूब लावून पाहिलं, दुपारी पाहिलं, सकाळी त्या निळ्या उजेडात पाहिलं. नवऱ्याला विचारलं, मुलगा दिवाळीला आला तेव्हा त्याला विचारलं. कुणालाही काही दिसलं नाही. मुलगा फक्त एवढंच म्हणाला की त्याचे स्टिकर काढायच्या आधी विचारायला हवं होतं. आई परत आली, भिंतीवरून हात फिरवला, मग तळहात उलटा करून पाहिला. पिवळं लागलं नव्हतं. जरा हिरमुसलीच.

दिवाळी झाली. डाव्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली, मग काळा चष्मा, दिवसातून चार वेळा थेंब. आठवड्याभराने एका सकाळी मी थेंब घालायला गेले, तर ती पलंगावर बसून पुन्हा तो डोळे झाकण्याचा खेळ करत होती. आधी उजवा झाकला, मग डावा.

“जुळले का?”

“जुळले. दोघंही एकच सांगतात.” तिने काळा चष्मा हातात घेतला, खोलीभर एक नजर फिरवली आणि कपाटापाशी थांबली. “ही एक भिंत तेवढी निराळी आहे गं. डबा कमी पडला होता का?”